मैत्रिणीच्या निबंधाला मी नुसतं ‘छान’ म्हटलं

प्रश्न

ठाण्यातल्या एका महाविद्यालयात इतिहासात एम.ए. करणाऱ्या विद्यार्थिनीचं हे पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

शोधनिबंध जमा करण्याआधी वर्गातल्या जोड्यांनी एकमेकांचा मसुदा वाचून लेखी अभिप्राय द्यायचा, असं त्यांच्या मॅडमनी ठरवलं. हिची जोडी जवळच्या मैत्रिणीशी पडली. मैत्रीण नवी मुंबईतल्या एका गावठाणात राहते, आगरी कुटुंबातली आहे. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, त्याच्यासाठी झालेल्या भूसंपादनाचा तिच्या गावावर काय परिणाम झाला, हा तिचा विषय. पत्र लिहिणारीचा विषय ठाण्याचे तलाव.

ती लिहिते : “तिचा निबंध वाचताना मला बरंच खटकलं. मुलाखती तिच्याच घरातल्या तिघांच्या. निष्कर्ष पहिल्या पानावरच ठरलेला. ‘गावाला काहीच मिळालं नाही’ हे वाक्य चार वेळा. पण जमीन तिच्या आजोबांची गेली आहे, लिहिताना ती रडली आहे. मी कोण बोलणार? मी फॉर्मवर लिहिलं, ‘खूप छान, मनापासून लिहिलंय.’ दोन दिवसांनी तिचा अभिप्राय आला. माझ्या गूगल डॉकवर ४७ कमेंट! एकीत तर नुसतं ‘कोण म्हणालं?’ एवढंच. माझ्या आजीच्या आठवणीच्या परिच्छेदावर ‘वैयक्तिक आहे, काढ’. त्या रात्री मला झोप लागली नाही. ट्रान्स-हार्बर लोकलने आम्ही रोज एकत्र येतो, पण आता मी फोनमध्ये डोकं घालून बसते. सबमिशनला १२ दिवस आहेत. आता तिला खरं सांगितलं तर तिला वाटेल मी उट्टं काढते आहे. नाही सांगितलं तर व्हायवाला तिची फजिती होईल. काय करू, ताई?”

उत्तर

तुझ्या पत्रातलं ‘मी कोण बोलणार?’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. बाकीचं सगळं त्यातून निघालंय असं मला वाटतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तू कोण, तर तिची पहिली वाचक. मॅडमनी तुला परीक्षक केलेलं नाही. गुण त्या देणार आहेत, व्हायवाला प्रश्न बाहेरचे परीक्षक विचारणार आहेत. तुझ्याकडून हवं होतं ते फार साधं : वाचताना तुला काय झालं, कुठे समजलं, कुठे अडलं, कुठे विश्वास बसला नाही. हे सांगायला तिच्यापेक्षा जास्त माहिती असावी लागत नाही. उलट तुला कमी माहिती आहे हाच इथे तुझा उपयोग आहे. आपल्या निबंधात काय राहून गेलंय ते तिला दिसणारच नाही, कारण जे कागदावर नाही ते तिच्या डोक्यात आहे, घरात आहे, जेवताना निघणाऱ्या बोलण्यात आहे.

एक उदाहरण देते. तिच्या निबंधात ‘खाजण’ हा खाडीकाठच्या खारवट जमिनीसाठीचा शब्द असणार, मिठागरं असणार. तू ठाण्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. खाजण म्हणजे नेमकी कशी जमीन, तिच्यात काय पिकायचं, आणि मोबदला ठरवताना ती भातशेतीसारखीच धरली की वेगळी, हे तुला ठाऊक नाही. तू फॉर्मवर एवढंच लिहिलं असतंस, की ‘खाजण म्हणजे काय ते मला कळलं नाही, आणि त्याचा भाव वेगळा होता का?’, तर त्या एका प्रश्नातून तिच्या निबंधाला एक अख्खा परिच्छेद मिळाला असता. कदाचित निबंधातला सगळ्यात भक्कम. तू बाहेरची आहेस म्हणून गप्प बसलीस, आणि तिला गरज होती ती बाहेरच्याच माणसाची.

‘छान’ लिहिलंस ते प्रेमानं, याबद्दल मला शंका नाही. आपल्याकडे कुणी कुणाचा वाईटपणा घेत नाही, आणि जिचं घर त्या गोष्टीत पोळलंय तिच्यासमोर तर जीभ उचलतच नाही. पण भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते अशा वेळी खरं ठरतं. मी एम.फिल. करत होते तेव्हा गिरणगावातल्या खानावळींवर लिहीत होते. एकाच खानावळीचं जमाखर्चाचं वहीखातं मिळालं होतं आणि त्यावरून मी सगळ्या खानावळींबद्दल ठाम विधानं केली होती. खोलीतल्या मैत्रिणीनं वाचून ‘मस्त झालंय’ म्हटलं. व्हायवाला परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, “बाकीच्या खानावळींचं काय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. संध्याकाळी ती मैत्रीण म्हणाली, “मला तेव्हाच तसं वाटलं होतं.” परीक्षकांच्या प्रश्नाचं मला काही वाटलं नाही, त्यांचं ते कामच. तिच्या त्या वाक्याचं मात्र आजही वाटतं. मी त्या खोलीत एकटी होते, आणि तिला ते आधीपासून माहीत होतं.

म्हणून सांगायचं की नाही हा प्रश्न माझ्या मते उरतच नाही. सांगायचंच. प्रश्न फक्त कसं आणि आधी काय, एवढा आहे. त्यासाठी आधी त्या ४७ कमेंटकडे बघू, कारण त्या डोक्यात ठसठसत असताना तू तिच्याशी नीट बोलू शकणार नाहीस.

४७ हा आकडा बाजूला ठेव. आकड्यावरून निबंध किती वाईट आहे ते कळत नाही, वाचणारी किती वेळ बसली होती ते कळतं. आज त्या कमेंट वहीत उतरवून घे. हातानं. स्क्रीनवर त्या अंगावर येतात, वहीत आपल्या अक्षरात उतरल्या की जरा निवळतात. उतरवताना तीन ढीग कर. पहिला भाषेचा : ऱ्हस्व-दीर्घ, लांबलेली वाक्यं, ‘इथे स्वल्पविराम’. माझा अंदाज आहे, निम्म्याहून जास्त इथेच निघतील. त्या आत्ता बघूच नकोस. जो परिच्छेद उद्या कदाचित उडणार आहे, त्यातली वेलांटी आज कशाला सुधारायची? दुसरा ढीग पुराव्याचा : हे कुठून आलं, पान क्रमांक कुठे, कोणी सांगितलं. तिसरा मांडणीचा : हे इथे का, हा मुद्दा आधीच्या मुद्द्याशी कसा जोडला जातो. काम करायचं ते तिसऱ्यापासून दुसऱ्याकडे, आणि भाषेकडे शेवटच्या दोन दिवसांत.

आता ‘कोण म्हणालं?’ बद्दल. पत्रात तू ते वाक्य कुठलं होतं ते लिहिलंयस : ‘ठाण्यात पूर्वी साठ तलाव होते.’ ही कमेंट तुला सगळ्यात जास्त लागली, आणि मला वाटतं तिनं दिलेलं सगळ्यात मोलाचं हेच आहे. ठाणेकर म्हणून हा आकडा आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. मासुंदा तलावाच्या काठावर भेळ खाताना कुणी काका सांगतात, वर्तमानपत्रात येतो, फलकांवर येतो. पण इतिहासाच्या निबंधात तो लिहायचा तर कोणी, केव्हा आणि काय मोजून सांगितला ते हवं. तलाव मोजले की कुंडं-डबकीही धरली? गावाची हद्द तेव्हा कुठपर्यंत होती? मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे ठाणे जिल्ह्याचे खंड, तेरावा आणि चौदावा, १८८२ सालचे आहेत. आधी तिथे बघ. मग मराठी ग्रंथसंग्रहालयात जा. १८९३ पासूनची संस्था आपल्या गावात आहे, आणि ठाण्याच्या तलावांवर लिहिणाऱ्या मुलीनं तिथे एक दुपार घालवली नाही तर कुणी घालवायची? आकडा सापडला तर तळटीप दे. नाही सापडला तर वाक्य बदल : ‘ठाण्यात पूर्वी साठ तलाव होते असं सर्रास सांगितलं जातं; या आकड्याचा आधार मला मिळाला नाही.’ या वाक्यानं निबंध लहान होत नाही. परीक्षक असं वाक्य वाचतात तेव्हा पुढच्या पानांवर जास्त विश्वास ठेवतात.

तिचा सूर मात्र चुकला, हेही मी म्हणेन. दोन शब्दांची कमेंट लिहिणाऱ्याला नुसती शंका वाटते आणि वाचणाऱ्याला चापट वाटते. रात्री अकराला मोबाइलवर टाइप करताना ‘हे मी पण ऐकलंय, पण कुठे छापलंय का गं?’ एवढं लांब कुणी लिहीत नाही. तिच्या डोक्यात कदाचित नेमकं हेच होतं.

आणि शेरा वाचून संताप येणं यात लाजण्यासारखं काही नाही. १९३६ साली आइन्स्टाइननं नेथन रोझेनबरोबर एक शोधनिबंध लिहून ‘फिजिकल रिव्ह्यू’ या अमेरिकेतल्या नियतकालिकाला पाठवला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वात नाहीत, असं त्यात म्हटलं होतं. संपादकांनी तो एका तज्ज्ञाला वाचायला दिला, तज्ज्ञानं चूक दाखवली आणि संपादकांनी ते शेरे आइन्स्टाइनकडे धाडले. तो भडकला. आम्ही लेख छापायला पाठवला होता, छापण्याआधी कुणाला दाखवायची परवानगी दिली नव्हती, असं कळवून त्यानं लेख परत घेतला. तो तज्ज्ञ होता हॉवर्ड रॉबर्टसन, आइन्स्टाइन तेव्हा जिथे होता त्या प्रिन्स्टनमधलाच. पुढे त्यानं आइन्स्टाइनच्या सहकाऱ्याशी, इन्फेल्डशी, समोरासमोर बसून त्याच मुद्द्यावर चर्चा केली, आणि १९३७ साली लेख दुसऱ्या नियतकालिकात छापून आला तेव्हा त्याचा निष्कर्ष बदललेला होता. मूळ चूक उलगडायला मदत केल्याबद्दल शेवटी रॉबर्टसनचे आभारही मानलेले होते. मला या गोष्टीत विशेष वाटतं ते हे, की शेरा तोच होता. निनावी कागदावर आला तेव्हा तो अपमान वाटला, माणूस समोर बसून बोलला तेव्हा त्याची मदत झाली.

म्हणून तुम्ही दोघी समोरासमोर बसा. फॉर्मवर नको, व्हॉट्सअ‍ॅपवर नको, आणि ट्रेनमध्ये तर नकोच. गर्दीत अर्धं वाक्य होतं तोवर ऐरोली येतं. एखाद्या शनिवारी दोन तास काढा, दोन्ही निबंधांच्या छापील प्रती घ्या. उपवन तलावाच्या काठावर बसा, कॉलेजच्या वाचनालयात बसा, कुठेही.

उट्टं काढल्यासारखं वाटेल ही तुझी भीती खरी आहे. ती घालवायचा मार्ग एकच मला दिसतो, तो म्हणजे तिच्या निबंधाबद्दल बोलण्याआधी स्वतःच्या फॉर्मबद्दल बोलणं. आजच मेसेज कर. असं काहीतरी : “अगं, मी तुला ‘छान’ लिहिलं ते खरं होतं, पण अर्धंच. तुझ्या आजोबांचा विषय म्हणून मी पुढचं बोलले नाही. तू माझ्यावर इतका वेळ दिलास, मी तुझ्यावर दिला नाही. शनिवारी बसूया का?” लांबलचक माफी नको. आणि तिच्या सुरानं तुला लागलं हे प्रत्यक्ष भेटीत एकदा, एका वाक्यात सांग. मनात ठेवलंस तर ते तुझ्या प्रत्येक शेऱ्यात डोकावेल.

भेटल्यावर आधी तिला विचार, “तुला स्वतःला कुठे शंका आहे?” नव्वद टक्के वेळा लिहिणाऱ्याला आपली दुखरी जागा माहीत असते. तिनं ती दाखवली तर तुझं निम्मं काम झालं. मग मुलाखतींचा विषय काढ, पण ‘फक्त घरच्यांच्याच घेतल्यास’ असं म्हणू नकोस. मी तुझ्या जागी असते तर तिच्या निबंधाच्या समासात, प्रत्येक परिच्छेदापुढे, एकेका ओळीत एवढंच लिहून नेलं असतं : हा परिच्छेद काय सांगतो आणि कुणाच्या आधारावर. ‘जमिनीचा भाव कमी दिला : आजोबा.’ ‘मिठागरं बंद झाली : आजोबा, काका.’ ‘बायकांची कामं गेली : काकू.’ शेरा एकही नाही. ही ओळींची यादी तिच्यासमोर ठेव आणि तिला वाचू दे. उजव्या बाजूला तीच तीन नावं खाली खाली येताना तिला स्वतःला दिसतील. आपणहून दिसलेली गोष्ट लागत नाही, आणि ती दुरुस्त करायला माणूस लगेच उठतो. १२ दिवसांत गावातल्या आणखी दोन घरांत जाणं तिला सहज जमेल. ज्यांची जमीन नव्हती, जे कुळ म्हणून किंवा मजूर म्हणून राबत होते, अशांच्या एका घरात जरूर जावं.

‘गावाला काहीच मिळालं नाही’ या वाक्याशी मात्र थांब. इथे तुला बोलावं लागेल, कारण व्हायवाला नेमकं इथेच बोट ठेवलं जाईल. सिडको १९७० साली स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. हे तिच्या घरात तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मग ‘काहीच नाही’ कसं? तिला खोडून काढू नकोस. विचार, “साडेबारा टक्क्यांचं तुमच्या घरात काय झालं?” कदाचित भूखंड मिळायला वर्षानुवर्षं लागली असतील. कदाचित मिळाला तेव्हा भावांत वाटण्या होऊन हातात काही उरलं नसेल, की बिल्डरला विकावा लागला असेल. कदाचित आजोबांच्या लेखी जमिनीच्या बदल्यात पैसा मिळणं म्हणजे काही मिळणंच नसेल. यातलं जे असेल ते तिच्या निबंधाचं खरं पान आहे. ‘काहीच मिळालं नाही’ या वाक्यानं तेच झाकलं गेलंय. तिच्या रागाला तू हात लावत नाहीस, त्या रागाला तारखा आणि आकडे मिळावेत म्हणून तू विचारते आहेस. हे तिला समजेल, मला खात्री आहे.

आणि एका बाबतीत तुझी लेखणी आवर. तिच्या आजोबांचं बोलणं तिनं आगरीत जसंच्या तसं दिलं असेल तर ते ‘शुद्ध’ करायला सांगू नकोस. ती साक्ष आहे. आपण ती प्रमाण मराठीत घासूनपुसून घेतली की ती आजोबांची राहत नाही. एखादा शब्द कळला नाही तर तेवढ्याचा अर्थ तळटिपेत माग. तिनं स्वतःहून तसं ‘शुद्ध’ केलेलं असेल, परीक्षक हसतील या भीतीनं, तर मूळ शब्द परत आणायला तूच सांग. असं सांगणारी मैत्रीण तिला दुसरी मिळायची नाही.

तुमच्यासारख्याच इतरांसाठी, विशेषतः शिक्षकांसाठी, दोन-तीन गोष्टी भराभर लिहिते. मसुदा वाचायला देताना लिहिणाऱ्यानं वर चार ओळी लिहाव्यात : हा कितवा खर्डा आहे, कुठे शंका आहे, काय वाचून हवंय, कशाकडे आत्ता बघू नये. या चार ओळी नसतात म्हणून एक जण वेलांट्या मोजतो आणि दुसरा ‘छान’ म्हणतो. फॉर्मवर ‘मूल्यमापन’ असा मथळा असेल तर तो काढा, त्या शब्दानं मुलं एकतर घाबरतात नाहीतर न्यायाधीश होतात. दुसऱ्याचा अप्रकाशित मसुदा त्याला न विचारता वर्गाच्या ग्रुपवर टाकू नये, आणि अभिप्राय तयार करून घ्यायला एआयच्या चॅटबॉटमध्येही चिकटवू नये. त्यात कुणाच्या आजोबांची मुलाखत असते, आणि आजोबांनी ती नातीला दिलेली असते. अभिप्राय मिळाल्यावर लिहिणाऱ्यानं कोणते मुद्दे घेतले, कोणते नाही आणि का, हे एका कागदावर लिहून वाचणाऱ्याला परत द्यावं. नियतकालिकांत लेखक समीक्षकांना मुद्देसूद उत्तर देतात ते याचसाठी.

तुझ्या त्या कागदावर ‘घेतला नाही’ या रकान्यात एक मुद्दा मला आत्ताच दिसतोय. आजीचा परिच्छेद. ‘वैयक्तिक आहे, काढ’ असं मैत्रीण म्हणते. तिला तिथे काहीतरी खटकलं, याबद्दल तिचं म्हणणं मान. वाचणाऱ्याला खटकलेली जागा बहुतेक वेळा बरोबर असते. पण उपाय तिचाच बरोबर असेल असं नाही. आजी लग्न होऊन कोणत्या साली ठाण्यात आली, घर कुठल्या आळीत होतं, कपडे धुवायला नेमक्या कुठल्या तलावावर जायची, मासुंदा की सिद्धेश्वर, आणि जायचं कधी बंद झालं, नळ आला म्हणून की पाणी खराब झालं म्हणून, यातलं एकही तुझ्या परिच्छेदात नाही. म्हणून तो नुसता आठवणीसारखा वाचला जातो. मैत्रिणीनं आजोबांना विचारायचंय तेच तुला आजीला विचारायचंय. या रविवारी आजीजवळ बस, फोन रेकॉर्डिंगवर ठेव, तिला आधी विचारून. परिच्छेद काढू नकोस.